गिराणाचे तांदूळ

त्या वर्षी दिवाळीत मधेच एक भाकड दिवस आला. लक्ष्मीपूजन झालं आणि पाडवा एक दिवस पुढं गेला, कारण मधल्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात ग्रहण पाळत नाहीत. मी दुपारी वरण-भात जेवले, कांदा चिरला, चहा प्याले. मुलगा हिंगण्याला कंपनीत गेला होता, सून पोरांना घेऊन रामटेकला माहेरी. घरात मी एकटीच होते.

समोरच्या दारात अडत्याचं कुटुंब राहतं. त्याची कळमन्यात धान्याची अडत आहे. बायको पन्नाशीची, मला मावशी म्हणते. बऱ्याच वर्षांचा शेजार. लोणच्याच्या बरण्या इकडून तिकडं जातात. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली होती, दिवस भरत आले होते. त्या दिवशी पहाटेपासून तिला मागच्या खोलीत बसवलं होतं. खिडक्यांना रजया टांगल्या, पोटाला गेरू लावला, आणि अन्नपाणी बंद. सकाळी तिच्या आईनंच मला हे जिन्यात सांगितलं. मी म्हटलं, दोन जिवाची पोर उपाशी काहून ठेवून राहिली वं? ती म्हणाली, संध्याकाळपर्यंतचाच तर प्रश्न आहे.

पाच वाजून गेले आणि उजेड बिघडला. ढग आल्यावर होतो तसा नाही. ऊन होतं, पण त्याच्यातला कस गेला होता. भांडी घासलेल्या पाण्यासारखा उजेड. खाली रस्त्यावर माणूस नाही, फटाका नाही. आदल्या रात्रीच्या फटाक्यांचे लाल कागद तेवढे पडलेले.

जिन्याच्या खिडकीबाहेर कडुलिंब आहे. पानांमधून समोरच्या भिंतीवर उन्हाचे गोल ठिपके पडतात, रोजचेच. त्या दिवशी ते गोल नव्हते. सगळ्या ठिपक्यांचा एकाच बाजूचा लचका तुटलेला. वारा आला की भिंतीवर ते खाल्लेले सूर्य सगळे मिळून सरकायचे. मी ग्रहण मानत नाही, पण त्या भिंतीला पाठ लावून उभं राहायला मला नको वाटलं.

मला आमची आजी आठवली. मी लहान होते, आमच्या लोकांनी दीक्षा घ्यायच्या आधीची गोष्ट. ग्रहण लागलं की आजी सूप घेऊन निघायची, मला बोटाला धरून. "दे दान, सुटे गिराण," असं ओरडत वस्तीवस्तीत फिरायचं. लोक लांबून धान्य टाकत. आम्ही घेतलं की त्यांचं ग्रहण सुटलं, असा तो रिवाज होता. एकीनं माडीवरून ज्वारी फेकली ती माझ्या केसांत अडकली. घरी आल्यावर आजीनं ती वेचून भाकरीच्या पिठात घातली. पुढं दीक्षा झाली त्या संध्याकाळी बापानं ते सूप चुलीत घातलं. हे पुन्हा ओरडायचं नाही, कोणी आणून दिलं तरी घ्यायचं नाही, असं त्यानं आम्हा भावंडांकडून वदवून घेतलं.

मी खिडकीपाशीच होते तेव्हा समोरचं दार उघडलं. अडत्याची बायको डोक्यावरून पाणी घेऊन ओलेत्यानं उभी. हातात सूप. सुपात तांदूळ, तीळ आणि खणाचा तुकडा.

"घ्या," ती म्हणाली. मावशी म्हणाली नाही.

"कोणाले देऊन राहिली तू हे?"

"तुमाले. तुमच्या लोकायचा मान असते ना."

इतक्या वर्षांचा शेजार एका वाक्यात संपला. मी माझ्या दाराला हात घातला. आत जाऊन कडी लावणार होते. तेवढ्यात तिच्या पाठीमागच्या अंधारातून पोरीचा आवाज आला.

"आजी, दुपारपासून बाळ हालून नाही राहिलं."

पोर दिसत नव्हती. गेरूनं माखलेले दोन हात तेवढे दिसत होते.

मी तिच्या आईला म्हटलं, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात घेऊन चल. ती मान हलवत राहिली. तिनं फोनवर महाराजांना विचारलं होतं. सूर्य ग्रहणातच मावळणार, म्हणजे सुटलेला दिसणार नाही. उद्या सकाळी पूर्ण बिंब बघितल्याशिवाय पोरीनं उंबरा ओलांडायचा नाही, घोटही घ्यायचा नाही. दान मात्र ज्यांचा मान त्यांना द्या. मी पाणी नसल्यानं काय होतं ते सांगितलं, मशीनवर ठोके दिसतात ते सांगितलं. ती सुपाकडंच बघत होती. रडत होती, पण दारातून हलत नव्हती.

मग मी पदर पसरला.

"ओत," म्हटलं.

तिनं ओतलं. तांदूळ पडायचा आवाज त्या जिन्यात फार मोठा वाटला. पण नुसतं घेऊन भागणार नव्हतं, हे मला माहीत होतं आणि तिलाही. मी तोंड उघडलं आणि ओरडले, "दे दान, सुटे गिराण." आवाज माझा नव्हता. आजीचा निघाला, घशातून ओढून काढलेला, आणि खालच्या मजल्यापर्यंत जाऊन परत आला.

"सुटलं," मी म्हटलं. "ज्यानं घ्यायचं त्यानं घेतलं. आता पोरीले बाहेर काढ. जल्दी."

तिनं लगेच विश्वास ठेवला. इतकी वर्षं माझं साधं सांगणं तिनं कधी ऐकलं नव्हतं, आणि हे लगेच पटलं.

अडत्या आत माळ ओढत बसला होता, त्याला उठवून गाडी काढायला लावली. पोरीला मी साखरेचं पाणी पाजलं आणि हाताला धरून जिन्यावर आणलं. कडुलिंबाच्या पानांतले ते ठिपके तिच्या पोटावर पडले. पाच-सात तुटके सूर्य, साडीवर हलणारे. पोर तिथंच थिजली. आईनं शाल टाकायला हात पुढं केला.

"ऊन हाये ते," मी म्हटलं. "चाल."

गाडीत मी पोरीजवळ बसले, पदराला तांदळाची गाठ तशीच. सगळी दुकानं बंद. रस्त्याच्या टोकाला सूर्य धुरात लाल झालेला, उघड्या डोळ्यांनी बघता येईल असा, आणि वरून कुरतडलेला. तो तसाच इमारतींमागं गेला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटाला मशीन लावलं. आधी नुसती खरखर. मग कपडे धुवायच्या मशीनसारखा धडधड आवाज यायला लागला. बाळ होतं. हळू होतं, पण होतं. दिवसभर पाणी न दिल्याबद्दल बाईंनी आईला चार शब्द सुनावले आणि सलाईन लावली. तिथल्या पायरीवर मी पदर झटकला. तांदूळ सकाळी कबुतरांनी खाल्ले असतील.

आठवड्यात पोरीला मुलगी झाली.

त्यानंतरच्या पुनवेला चंद्रग्रहण होतं. चंद्र उगवला तोच खाल्लेला. माझ्या दाराची बेल वाजली. समोरची ओलेत्यानं उभी, हातात तेच सूप, तांदूळ, तीळ. तिच्या घरातून नातीचं रडणं ऐकू येत होतं, चांगलं खणखणीत.

"पोरगी दूध पिते ना?"

"हो, मावशी."

"हालते?"

"लाता मारते."

मी सूप घेतलं. "पदर कर," म्हटलं. तिनं केला. मी सगळे तांदूळ तिच्या पदरात ओतले. ती तशीच उभी राहिली, दोन्ही हातांनी पदर धरून. काय झालं ते तिला तांदूळ पडून गेल्यावर कळलं असावं. घेणारी आता ती होती.

सूप मी ठेवून घेतलं. घरात चूल नाही आणि गॅसवर सूप जळत नाही. गच्चीवर नेलं, रॉकेल नव्हतं म्हणून खोबरेल ओतलं आणि काडी लावली.