उजेडातली अंबाडी

तारनाक्याच्या त्या इमारतीत तातेरावांचा दिवा कधी विझत नसे. रेल्वेत तीस वर्षं विजेच्या कामावर काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत त्यांनी स्वतःच्या हातानं मोठा दिवा बसवला. संध्याकाळी लागला की उजाडेपर्यंत जळायचा. "माझ्या दिव्याखाली कुणी ठेचाळलं तर सांगा," असं ते छाती काढून म्हणत.

यंदा त्या दिव्याखाली एक बादली होती आणि बादलीत अंबाडी. नांदेडकडच्या त्यांच्या सासुरवाडीत सोयाबीन आलं आणि बांधावरची अंबाडी गेली. त्यांच्या बायकोची, पार्वतीबाईंची, धाकटी बहीण भामा हिला गाडग्याच्या तळाशी चिमूटभर जुनं बी सापडलं. "दाजी, इथं डुकरं काही ठेवत नाहीत. तुम्ही वाढवा, अन् मला बी परत द्या," असं म्हणून तिनं ते सगळं त्यांच्या हाती दिलं.

उगवली दोनच रोपं. एक पार्वतीबाईंनी गच्चीवर नेलं. दुसरं तातेरावांनी दिव्याखाली ठेवलं. लेकराला अंधारात कोण ठेवतं?

भादवा सरला तेव्हा गच्चीवरचं रोप कमरेइतकंच होतं, पण अंगभर कळ्या ल्यालं होतं. गॅलरीतलं छातीला लागलं, हिरवंगार, आणि कळी एक नाही. तळमजल्यावरचे तेलुगू अप्पाराव अंबाडीकडं बघत येता-जाता म्हणत, "क्या गोंगूरा है जी! दाल में डालनेकू दो डंडी देव."

दसऱ्यानंतर गच्चीवर माकडं आली. कोवळी बोंडं खाऊन, झाड मुळापासून मोडून गेली. आता भामाचं बी एकट्या बादलीवर आलं.

तातेरावांनी शेणखत घातलं, ताक ओतलं, रोपाशी गोडीनं बोलून पाहिलं.

"तुमच्यावरच गेलीय," पार्वतीबाई म्हणाल्या. "नुसती उंची. काम काही नाही."

एका सकाळी पाणी घालताना तातेराव थबकले. एक फांदी वळून खांबाच्या मागं गेली होती. दिव्याचा उजेड तिथं पोचत नव्हता. त्या फांदीवर बारीक कळ्या होत्या. समोरच्या फांद्या कोऱ्याच. त्यांनी दिव्याकडं पाहिलं, खांबाकडं पाहिलं आणि चप्पल न घालताच खाली अप्पारावांकडं गेले.

अप्पाराव पोट धरून हसले. "हमारे गांव में सडक की बत्ती के नीचे का धान देर से फूटता. रात नक्को क्या उसकू? सोने देव ना!"

दिवा विझवायला तातेरावांचं मन होईना. त्यांनी रोपावर रेल्वेतली जुनी घोंगडी टाकली. वाऱ्यानं ती उडाली आणि एक फांदी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी बांधून टाकली, तर शेंडा वाकला. तिसऱ्या दिवशी दिवस मावळताना त्यांनी मजल्यावरचं प्रत्येक दार वाजवलं. "चाळीस दिवस दिवा बंद राहील. मोबाईलचा उजेड पायाशी धरा, झाडावर नको."

"जन्मभर दिवे लावले, अन् आता विझवायला दारोदार फिरायलाव!" पार्वतीबाई पदराआड हसत होत्या. पण बटण दाबताना तातेरावांचा हात थांबला, तेव्हा त्यांनीच त्यावर आपला हात ठेवला.

कार्तिक संपता संपता सगळ्या फांद्या फुलल्या. सकाळी फिकट पिवळं फूल उमलायचं, पोटात गर्द तांबडं, आणि दुपारी मिटायचं. अप्पाराव रोज चहा पिऊन वर बघायला येत. मग बोंडं धरली, वाळली. ती फोडताना तातेरावांच्या बोटांत कुसं घुसली. पार्वतीबाई चष्मा लावून ती एकेक उपटत बसल्या.

पौषात भामा आली. तिनं तळहातावर बी घेतलं आणि फुंकर घातली.

"दाजी, एका बांधाला पुरतंय बघा."

"तुमच्या बांधावर विजेचा खांब आहे का?"

"हाय की. नवीनच बसवलाय, लखलखीत!"

"मग पेरू नको," तातेराव उठून पिशवी शोधू लागले. "आधी मी येऊन जागा बघतो."