गिरणी दाखवणाऱ्या बाई

युरोपात शिकायला गेले तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते, आणि वर्गातल्या बाकीच्या तेरा जणांपैकी कुणीही बावीसच्या पुढे नव्हतं. त्याआधी बारा वर्षं मी नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटात घरीच होते. ग्रीन कार्ड आलं त्या आठवड्यात नवरा म्हणाला, "आता तुलाही जॉब करता येईल." मी म्हटलं, "आधी शिकते." बी.एस्सी. झालेली बाई पुन्हा पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसणार, हे तिथल्या मराठी मंडळातल्या काकूंना काही पटलं नाही. मी घराजवळच्या दोन वर्षांच्या कॉलेजात नाव घातलं.

तिथे इतिहासाचा एक विषय घ्यावाच लागायचा. तो शिकवणाऱ्या प्राध्यापक बाई दर उन्हाळ्यात पाच आठवडे वर्ग युरोपात न्यायच्या. चार आठवडे इंग्लंडचा उत्तर भाग, एक आठवडा बेल्जियम. अभ्यासाचा विषय होता कापूस. पत्रकावर तो शब्द दिसला आणि मी त्याच दुपारी फॉर्म भरला. माझे बाबा अमरावती जिल्ह्यातल्या, कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की ते मूठभर कापूस उचलायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढायचे आणि धाग्याची लांबी बघून प्रत सांगायचे. शाळा सुटल्यावर मी त्यांचा डबा घेऊन तिथे जायची आणि सरकीच्या ढिगावर बसून राहायची.

कापूस मला माहीत होता. अडचण होती ती तोंड उघडायची. वर्षभरात वर्गात मी एकदाच बोलले होते, तेव्हा मागून कुणीतरी "व्हॉट?" म्हणालं, मग मी पुन्हा बोलले, मग पुन्हा "व्हॉट?" झालं. तेव्हापासून इंग्रजी बोलताना माझा हात आपोआप तोंडावर जायचा. मला ते कळायचंही नाही.

मँचेस्टरमध्ये पहिल्या दिवशी शहर दाखवायला एक गाइड आला. तिशीतला, लाल जाकीट, खणखणीत आवाज. बस वळली की विनोद, पूल आला की विनोद, आणि प्रत्येक विनोदानंतर हसायला नेमकी तेवढीच जागा. मुलं हसत होती. मी त्याचं बोलणं वहीत उतरवून घेत होते, विनोदांसकट. मला वाटलं, गाइड असावा तर असा. संध्याकाळी वही उघडली तर विनोदच विनोद होते. शहराबद्दल जेमतेम चार ओळी सापडल्या.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही लँकेशायरमधल्या एका जुन्या गिरणीत गेलो. गिरणी कधीच बंद झालेली, आता तिचं म्युझियम झालं होतं. दाखवायला आल्या त्या पंचाहत्तरीच्या, ठेंगण्या, निळा एप्रन घातलेल्या एक बाई. पंधराव्या वर्षी त्या याच गिरणीत लागल्या आणि गिरणीला टाळं लागेपर्यंत मागावरच होत्या. मागांच्या आवाजानं कान गेले होते. दोन्ही कानांत मशिनं होती, पण माग सुरू करायच्या आधी त्यांनी ती काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली. मग कळ ओढली.

एकच माग चालू झाला होता, तरी पायाखालची फरशी हलत होती. आडवा धागा नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला असा आपटत जात होता की शेजारच्या मुलीनं कान झाकून घेतले. बाई त्या आवाजात शांतपणे लांबवर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याकडे बघून ओठ हलवत होत्या. आवाज अजिबात नाही. तो मान हलवून गेला आणि तेलाची बुधली घेऊन आला. माग बंद झाल्यावर बाईंनी सांगितलं की अशा तीनशे मागांमध्ये त्या सगळ्या जणी दिवसभर एकमेकींशी अशाच बोलायच्या. लग्नं ठरायची, भांडणं व्हायची, पोरांची दुखणी सांगितली जायची, सगळं ओठांनी.

त्यांचं इंग्रजी फार अवघड होतं. जॉर्जियात जन्मलेली, वाढलेली मुलं माझ्या कानाशी येऊन विचारत होती, "डिड यू गेट दॅट?" मलाही निम्मंच कळत होतं. पण बाईंना कुणी नीट बोला म्हटलं नाही. सगळे फक्त एक पाऊल पुढे सरकून उभे राहिले.

"कुणाला काही विचारायचंय?" त्यांनी विचारलं.

मी काहीतरी पुटपुटले. बाई सरळ माझ्यासमोर आल्या. "हात काढ, लव्ह. मला तुझं तोंड दिसलं पाहिजे."

मी हात खाली घेतला. पुन्हा विचारलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. "आवाज वाढवू नकोस, तो मला ऐकूच येत नाही. शब्द पूर्ण कर. तू अर्धाच सोडून देतेस."

तिसऱ्यांदा मी एकेक शब्द संपवत विचारलं, "इथे हिंदुस्थानचा कापूस यायचा का?"

"यायचा," त्या म्हणाल्या, "ये इकडे."

कोपऱ्यात उथळ खणांचं एक लाकडी कपाट होतं. एका खणात कागदाच्या पुड्यांमध्ये कापसाचे जुने नमुने ठेवले होते. त्यातली एक पुडी त्यांनी पुढे केली. तिच्यावर शाईनं इंग्रजीत लिहिलं होतं, 'ऊमराज'. "हे कुणाचं नाव ते आम्हाला माहीत नाही. एखादा व्यापारी असेल."

मी ते दोनतीनदा वाचलं. मग मोठ्यानं म्हणून बघितलं. आमच्याकडची जुनी माणसं अमरावतीला अजून उमरावती म्हणतात. माझी आजी तर मरेपर्यंत तसंच म्हणायची.

"हे माणसाचं नाव नाही," मी म्हटलं. "गावाचं आहे. मी तिथली आहे."

त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "परत सांग. आता यांच्याकडे तोंड करून."

मी कपाटाशेजारी उभी राहून बोलले. आमच्याकडे बैलगाड्यांतून कापूस कसा यायचा, बाबा तो ओढून कसा बघायचे, ते सांगितलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, जॉर्जियाचा माल यायचा बंद झाला, तेव्हा या गिरण्या वऱ्हाडच्या कापसाकडे कशा वळल्या, हे तर आम्ही वर्गातच वाचलं होतं. बाई समोर उभ्या होत्या. माझी घाई झाली की तळहात वर करायच्या, मी थांबले की खाली घ्यायच्या. पाचसात मिनिटं झाली असतील. "व्हॉट?" कुणी म्हटलं नाही.

निघताना त्यांनी पेन्सिल आणली, माझ्याकडून अमरावतीचं स्पेलिंग विचारून घेतलं आणि पुडीच्या मागे लिहिलं. "तुझं इंग्रजी बरं आहे," त्या म्हणाल्या. "तुला घाई फार."

शेवटच्या आठवड्यात बेल्जियममधल्या घेंट शहरात आणखी एक गाइड भेटला. हा आठवडाभर ट्राम चालवायचा आणि रविवारी जुन्या सूतगिरण्यांचा भाग दाखवायचा. इंग्लंडमधून सूत काढायचं यंत्र मालाच्या पेट्यांत लपवून इथे कसं आणलं गेलं, हे तो फार रंगवून सांगत होता. मी हात वर केला. आता तोंडावर नव्हता. "कापूस यायचा थांबला तेव्हा इथल्या कामकरी बायकांनी काय केलं?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला, आणि खिशातली छोटी वही काढून त्यानं माझा प्रश्न, माझा ईमेल लिहून घेतला. मला वाटलं, वेळ मारून नेतोय. ऑक्टोबरमध्ये त्याची ईमेल आली. चार ओळी होत्या. काही गिरण्या आठवड्यातले थोडेच दिवस चालायच्या, बऱ्याच बायका घरी लेस विणायला लागल्या, एवढं सापडलं, बाकीचं अजून शोधतोय. एवढंच. मी ती ईमेल नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "यार, हा माणूस ट्राम चालवतो ना?"

त्याच महिन्यात मी ठरवलं की मला हेच गाइडचं काम करायचं आहे.

आमच्या घरापासून अर्ध्या तासावर कापसाच्या एका जुन्या मळ्यातलं घर आहे. आता ते लोकांना बघायला खुलं असतं आणि दाखवायला स्वयंसेवक असतात. मी अर्ज केला. तिथल्या व्यवस्थापक बाई चांगल्या होत्या, चहा विचारला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे येणारे बरेच जण वयस्कर असतात. त्यांना नवीन उच्चार कळायला जड जातात. तुम्ही भेटवस्तूंच्या दुकानात मदत कराल का?"

"नाही," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखीचा वाटला नाही. "मला एक टूर घेऊन दाखवू द्या. ऐका, मग ठरवा."

त्यांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. मी त्यांची छापील माहिती पाठ केली. जेवणघरातल्या बश्या, वरच्या मजल्यावरचा पलंग, मालकिणीचा पियानो. मध्येमध्ये मँचेस्टरच्या त्या गाइडसारखे विनोद पेरले आणि उच्चार बातम्या देणाऱ्या बायकांसारखे करायचा प्रयत्न केला. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. सोफ्यावर बसून माझी तालीम ऐकली आणि म्हणाली, "आई, हू इज धिस पर्सन?" मला राग आला. पण तिचं बरोबर होतं. ठरलेल्या दिवशी व्यवस्थापक बाई आणि दोन जुने स्वयंसेवक माझ्यामागून खोल्याखोल्यांतून फिरले. एकाही विनोदाला हसले नाहीत. पियानोपाशी मी वाक्य विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी बाई म्हणाल्या, "आम्ही कळवू." कुणी काही कळवलं नाही.

दोन आठवड्यांनी एका सकाळी बाबांना व्हिडिओ कॉल केला. बाबा आता घरीच असतात, ऐंशीला आले आहेत. त्यांना सगळं सांगितलं.

"कापूस कुठी होता?" त्यांनी विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"अवो, कापसाचं घर दाखवतं तू, न कापूसच नाही? तोंडानं सांगून काय होते? त्याईच्या हाती दे. बोंड फोडू दे. सरकी काढू दे."

वेचणीचे दिवस होते. शनिवारी नवऱ्यानं चार तास गाडी चालवली आणि आम्ही दक्षिण जॉर्जियात एका शेतावर पोचलो. शेतकऱ्याला सांगितलं, थोडीशी बोंडं हवीत. त्यानं काही न घेता पोतंभर दिली. वर विचारलं, "कशाला?" नवऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी सांगितलं, आणि शब्द संपवत सांगितलं.

सोमवारी मी व्यवस्थापक बाईंना फोन केला. "मला आणखी एक संधी हवी आहे." फोनवर वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्या "गुरुवारी या" म्हणाल्या.

गुरुवारी मी टूर पुढच्या दारानं सुरूच केली नाही. व्यवस्थापक बाई आणि त्याच दोन स्वयंसेवकांना मागच्या अंगणात नेलं, प्रत्येकाच्या हातात एकेक बोंड दिलं आणि म्हटलं, "यातली सरकी हातानं काढा. सगळी." तिघंही म्हातारी माणसं, खाली मान घालून कामाला लागली. सरकी रुईला घट्ट धरून असते, सहजी सुटत नाही. एका स्वयंसेवकाला बोंडाची वाळलेली टोकं टोचली, त्यानं बोट तोंडात घातलं. बराच वेळ गेला. मी म्हटलं, "हे एक बोंड झालं. इथल्या शेतात हे काम गुलाम म्हणून विकत आणलेल्या माणसांनी केलं. छापील माहितीत त्यांना कामगार म्हटलंय. मी गुलाम म्हणणार आहे." मग बाबांसारखा धागा ओढून दाखवला, लांबी कशी बघायची ते सांगितलं आणि त्यानंतर घरात शिरले. आत बश्या दाखवल्या, पलंगही दाखवला. घाई झाली की मी स्वतःच थांबत होते.

"त्या माणसांची नावं माहीत आहेत?" ज्याला बोंड टोचलं होतं त्यानं विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं आणि पर्समधून कागद काढून प्रश्न लिहून घेतला.

व्यवस्थापक बाईंनी लगेच हो म्हटलं नाही. आधी मला महिन्यातला एक शनिवार दिला. मी आठवड्यातून दोन सकाळी जुन्या नोंदींच्या कचेरीत जाऊन बसू लागले. सहा नावं मिळाली, नुसती पहिली नावं, आडनाव एकालाही नाही. ती मी दर टूरला अंगणात मोठ्यानं वाचते. पुढे महिन्याचे दोन शनिवार झाले, आता सगळे.

गेल्या महिन्यात अभिप्रायाच्या वहीत कुणीतरी लिहिलं, 'गाइडचे उच्चार समजायला कठीण. घराच्या मालकिणीबद्दल फारच कमी सांगितलं.' व्यवस्थापक बाईंनी ती वही माझ्यापुढे धरली. त्यांचा चेहरा पडला होता. मी वाचलं. वाईट वाटलं, नाही कसं वाटणार? घरी येताना गाडीतही तेच डोक्यात होतं. पण त्या क्षणी मी वही मिटून त्यांना परत दिली आणि विचारलं, "येत्या शनिवारची यादी तयार आहे का?"

"आहे," त्या म्हणाल्या. "अकराला सोळा जण. दोन व्हीलचेअर आहेत."

शनिवारी सकाळी मी अर्धा तास लवकर गेले आणि अंगणाकडे जाणाऱ्या उतारावरची वाळकी पानं झाडून काढली.