पाचव्या तारेचा धक्का

चहा आधी संपवून घ्या. ही गोष्ट सांगताना माझे हात हालतात, आणि माझे हात हालले की काय होतं ते आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आता काय झालं ते सांगते, पण मधे हसायचं नाही. शेवटी हसा, तेव्हा मीही हसेन.

आमचं गाव माकणीजवळ, लोहारा तालुक्यात. गावात आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. शकुंतलाकाकू पेटी वाजवतात, मंडळही त्याच चालवतात. माझा गळा असा, की मी सूर लावला की शेजारची बाई गाणं थांबवून माझ्याकडं बघते. म्हणून मला टाळ दिला. तर तोही माझ्या हातून सगळ्यांच्या नंतर वाजायचा. काकू म्हणाल्या, "सुमन, तू नुसतं वाजवल्यासारखं कर बाई." कित्येक श्रावण मी वाजवल्यासारखं केलं.

मग उमरग्याला एका लग्नात ऑर्केस्ट्रा बघितला. सगळ्यात मागं एक माणूस लांबलचक गिटार घेऊन उभा. त्याच्याकडं कुणी बघतही नव्हतं. पण मधेच तो पाणी प्यायला थांबला आणि गाणं असं पोकळ झालं, जसं मीठ विसरलेलं वरण. मी म्हटलं, हे काम आपलं. मागं उभं राहायचं, कुणी विचारायचं नाही, पण नसलो की कळतं. घरात आणखी वेगळं काय करते मी?

माझी लेक पुण्याला नोकरी करते. कॉलेजात असताना ती हेच वाद्य शिकली होती. ती फोनवर म्हणाली, "आई, त्याला बेस गिटार म्हणतात. चार तारांची घे, सोपी असते. मी व्हिडिओ कॉलवर शिकवते."

मी सोलापूरच्या दुकानात गेले. तिथं चार तारांची होती आणि पाच तारांचीही होती. आता तुम्हीच सांगा, समोर पाच दिसत असताना चार कोण घेईल? मी पाचाची घेतली.

ती बरीच वर्षं भिंतीला टांगलेली. तारा गंजलेल्या. दुकानदार म्हणाला, "तारा नव्या टाकू की ताई. कुठल्या टाकू? निकेल का स्टील?"

"स्टील. गंजत नाही."

"गोल का चपट्या?"

मी दोन्हींवर अंगठा फिरवला. चपटी अगदीच गुळगुळीत, निसटेल असं वाटलं. म्हटलं, "गोल."

"जाडी? हलक्या टाकू का? पहिल्यांदाच शिकताय, बोटं दुखतील."

"मी रोज ज्वारीच्या भाकरी थापते," मी म्हणाले. "सगळ्यात जाड द्या. टिकतील."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग तारांकडं. त्यातली पाचवी तार तर बाजेला विणावी अशी होती. तो हळूच म्हणाला, "टिकतील की ताई. तुमच्यानंतर पण टिकतील."

गिटारीसोबत डब्याएवढा एक स्पीकर आला. लेकीनं शिकवलं, बोटांना फोड आले, फोडांचे घट्टे झाले, आणि श्रावण जवळ आल्यावर मी काकूंना घरी बोलावलं. श्रावणी सोमवारी महादेवाच्या देवळात मंडळाचं भजन असतं. त्यात मला टाळाऐवजी गिटार घेऊन बसायचं होतं. तेवढंच मागणं होतं माझं.

काकूंनी डोळे मिटून ऐकलं. मग स्पीकरला कान लावला.

"आत गोमाशी अडकलीय व्हय गं?"

"काकू, असाच असतो त्याचा आवाज."

"अन् ही जाड तार? ती तर काहीच बोलंना."

खरंच बोलत नव्हती. नुसतं माझं बोट वाजत होतं.

"हे बघ सुमन," काकू उठता उठता म्हणाल्या, "देवळात मागं बसलेल्या बाईला ऐकू आलं पायजे. आलं तर ये घिऊन. न्हायतर टाळ हायच की तुझा."

मी लगेच दुकानदाराला फोन लावला. "पाचवी तार मुकी निघाली. बदलून द्या."

"तार मुकी नाही ताई, स्पीकर बहिरा आहे. मोठा डबा लावा की."

मला वाटलं, हा माणूस टाळतोय. पण सोमवार जवळ आला होता. शेवटी मंडपवाल्या बब्रुवानला विचारलं. तो वरातीत लावायचा स्पीकर घेऊन आला. कपाटाएवढा. घराच्या दारातून आत जाईना, म्हणून ओसरीवरच ठेवला आणि तिथून भली लांब वायर माझ्यापर्यंत आणली. मी बसले होते स्वयंपाकघरात, कारण डाळ शिजत होती.

"वहिनी, आवाज बारीक ठिवलाय," तो म्हणाला. "लागला तर ही कळ फिरवा. पण जपून." आणि लोहाऱ्याला गेला.

आता इथं एक सांगायला हवं. आमच्या भागात मोठा भूकंप होऊन गेला तेव्हा मी शाळेत शिकत होते. आमची गल्ली त्यानंतर बांधलेली, घरं सरळ ओळीत. जे गेले त्यांची आठवण कुणी रोज काढत नाही, पण सवयी राहिल्या आहेत. रात्री चपला दाराशी. आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, त्या अजून पाण्याच्या तांब्यावर फुलपात्र सैलसर उपडं ठेवतात. ते आपोआप वाजलं, की कसला विचार न करता बाहेर. आमच्या घरात हा नियम आहे.

तर मी पाचवी तार छेडली. काही नाही. ओसरीवर जाऊन कळ थोडी फिरवली, परत आले, छेडली. काही नाही. पुन्हा गेले, आणि ती कळ जिथवर फिरत होती तिथवर फिरवली. परत येऊन, गिटार गळ्यात, विहिरीतून पोहरा ओढावा तशी तार ओढून सोडली.

कानाला सूर म्हणून काही आलं नाही. पण पायाखालची फरशी हुळहुळली. जमिनीतून गुरगुर आली. मांडणीवरची झाकणं थरथरली. आणि आत्यांचं फुलपात्र तांब्यावर कणकण वाजायला लागलं.

गॅस बंद केला एवढं आठवतं. मग मी ओरडत बाहेर. "आत्या, बाहेर! भूकंप! सगळे बाहेर या!"

गिटार गळ्यात तशीच. वायर मागून सरपटत आलेली, लग्नाचीच वायर ती, संपते कुठं? मी अंगणात उभी राहून दोन्ही हातांनी गल्लीला बोलावत होते, आणि हात खाली आला की श्रावणातल्या हिरव्या बांगड्या तारांवर आपटत होत्या. प्रत्येक वेळी समोरच्या गोठ्याचे पत्रे खडखडत होते.

"धक्के चालूच हायत," कुणीतरी म्हणालं.

"ह्यो पहिल्यापेक्षा मोठा हाय."

सगळी गल्ली रस्त्यावर आली. काकू पेटी छातीशी धरून आल्या. त्यांचे यजमान आत झोपलेले होते, ते मागून आपले आपण आले आणि पेटीकडं बघत उभे राहिले. मी एकेकाला हात करून मोजत होते, कुणी आत राहिलं का म्हणून. हात केला की धक्का.

आत्या काठी टेकत कट्ट्याला उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, ओसरीवरच्या कपाटाकडं बघितलं, जमिनीवरच्या वायरीकडं बघितलं.

"सुमन," त्या म्हणाल्या, "जरा हलायची थांब बगू."

मी थांबले. भूकंप थांबला.

"आता हाल."

मी हालले. पत्रे वाजले.

"थांब."

सगळ्या गल्लीनं वायरीवरून नजर ओसरीपर्यंत नेली. स्पीकरची सूंऽऽ ऐकू येत होती. मी गिटारीवर आडवा हात ठेवला आणि जमीन दुभंगली तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

आधी काकूंचे यजमान हसले. मग सगळेच. काही म्हाताऱ्या हसता हसता डोळे पुसत होत्या, आणि ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं. मी आत जाऊन भांडंभर चहा टाकला. दुसरं काय करणार?

काकूंनी पेटी कट्ट्यावर ठेवली, दम घेतला आणि माझ्याजवळ आल्या. मी म्हटलं, गेला आपला सोमवार.

"मागं बसलेल्या बाईला ऐकू आलं पायजे, म्हणले हुते मी," त्या म्हणाल्या. "गावाबाहेरच्या बाईला बी ऐकू आलं असंल. ये सोमवारी. पण ती पाचवी काढून ये."

तशी मी चारच तारांवर वाजवली. बब्रुवाननं कळ स्वतःच्या हातात ठेवली होती. आणि खोटं सांगत नाही, मधे बोट दुखलं म्हणून मी थांबले, तर काकूंनी पेटीवरून मान वळवून मागं बघितलं. नसलो की कळतं, म्हटलं ना?

काढलेली पाचवी तार आत्यांनी परसातल्या शेळ्यांच्या खोपटाच्या दाराला कडीऐवजी बांधली. म्हणाल्या, "जाड हाय. टिकंल."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मागच्या महिन्यात दुपारी खरंच जमीन थोडी हालली. आमच्याकडं अधूनमधून हालते. फुलपात्र वाजलं. आत्या आणि मी अंगणात. आणि गल्लीत? एकही माणूस नाही. सगळी दारं तशीच.

मी हाक मारली, "काकू, बाहेर या!"

काकू खिडकीतूनच म्हणाल्या, "बारीक कर गं सुमन, माझा डोळा लागलाय."

"मी न्हाय वाजवत, खरा हाय!"

"व्हय व्हय. मागच्या बारीला बी खराच हुता."

जमीन तेवढ्यात शांतही झाली, कुठं काही पडलं नाही. पण गल्लीला तरी मी कोणत्या तोंडानं बोलू? फुलपात्र वाजल्यावर मी अंगणात यायच्या आधी कुठं धावले होते, सांगू का?

शेळ्यांच्या दाराकडं. एखाद्या शेळीनं तार ओढली की काय, ते बघायला.