पाचवा नंबर

फोन आला तेव्हा मी वाशीमला ऑफिसात होतो. स्क्रीनवर दादाचं नाव दिसलं आणि मी तो दोनदा कापला... म्हटलं, निवांत करू. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडे वहिनी होत्या. दादा गेला होता. दीड महिना झाला, पण ते दोनदा कापणं मनातून जात नाही.

सुधाकरदादा माझा थोरला भाऊ. रिसोडला त्याचं पाइप-फिटिंगचं दुकान होतं आणि घरच्या मोबाइलचा सगळा कारभार त्याच्याकडे. फॅमिली प्लॅन त्याच्या नावावर, त्यात तो, वहिनी, आई, मानोऱ्याला दिलेली आमची बहीण सुनीता आणि मी. दोन वर्षांचा करार संपला की एकच नवा फोन यायचा, तोही पाळीने. ज्याची पाळी त्याला नवा, त्याचा जुना दुसऱ्याला, असं उतरत उतरत जो कुणालाच नको तो दादाच्या खिशात. प्लॅनच्या कुठल्याही कामाला ओटीपी लागला की तो त्याच्या फोनवर जाणार, आणि गिऱ्हाईक असलं की हा फोन उचलणार नाही. जीव नकोसा व्हायचा.

चार वर्षांपूर्वी मला नवा फोन हवा होता आणि पाळी नेमकी सुनीताची. ती आता सासरची, तिला प्लॅनमध्ये ठेवायचंच कशाला, असं मी बोलून गेलो. दादा एवढंच म्हणाला, "तिच्यापाशी घरचं येवढंच तं उरलं हाय. राहू दे." मी रागाने वेगळा नंबर घेतला, जुना बंद करून टाक म्हणून सांगितलं. "करतो," म्हणाला. मग आमचं बोलणं सणावारापुरतंच राहिलं.

तेरावं झालं आणि हा प्लॅन निस्तरणं माझ्या गळ्यात आलं. मृत्यूचा दाखला, आधार, सगळ्यांच्या सह्या, दर खेपेला एक कागद कमी. मी थकलो होतो. प्लॅन मोडायचा, ज्याचं त्याने बघायचं, असं ठरवून टाकलं. सुनीताचा फोन आला. "माहा नंबर काढून टाकतं का रे?" मी बघतो म्हणालो. खोटं बोललो.

तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या मुलीने नंबर वाचले. पाचवा माझा होता, जुना, चालू. मी तसाच रिसोडला दादाच्या घरी गेलो. वहिनींनी दादाचा फोन पुढे केला. त्यातलं दुसरं सिम माझं. "भाऊजी, गावाकडचे लोक अजून त्याच्यावरच लावतेत. हे त्याइले तुमचा नवा नंबर सांगत. बंद केला तं अनिलले कोनी कसं शोधीन, म्हनत."

आमच्या गावची, इंझोरीची माणसं माझ्यापर्यंत कशी पोचतात, हे मी चार वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाचही नंबर माझ्या नावावर करायचा अर्ज दिला. सुनीताला कळवलं, ती नुसती रडली. दादाचा फोन आता माझ्या टेबलावर असतो. गेल्या आठवड्यात तो वाजला. इंझोरीचे एक म्हातारे होते, त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. "सुधाकरभाऊ, अनिलचा नंबर सांगजा बरं."

मी म्हणालो, "लिहून घ्या," आणि सावकाश, एकेक आकडा, माझा नंबर सांगितला.