अक्काच्या दुकानातली पुस्तकं

ब्लाऊज शिवणाऱ्या अक्काची रीत ठरलेली: टेप छातीभोवती आवळायची, दोन टाचण्या ओठांत धरायच्या आणि त्या टाचण्यांच्या फटीतून विचारायचं, "सध्या काय चालू हाय?"

मी कर्नाटकच्या सीमेजवळ मुरुमला शाळेवर बदलून आले तेव्हा नवखी होते. मला वाटलं, बाई ख्यालीखुशाली विचारतेय. म्हटलं, "बरं चाललंय." टेप आणखी एक बोट आवळली गेली. "तसं न्हवं बाई. वाचायला काय चालू हाय?"

माप देणाऱ्या बाईला पळून जायला वाट नसते, हे तुम्हालाही ठाऊक असेल. हात वर, श्वास कोंडलेला, पदर खुर्चीवर. अशा अवस्थेत माणूस खोटं बोलू शकत नाही, असा अक्काचा विश्वास होता. मी कबूल केलं की बी.एड. झाल्यापासून हजेरीपटाशिवाय काही वाचलेलं नाही. "साकु," ती म्हणाली. म्हणजे कानडीत पुरे. ते मापाला होतं की मला, कोण जाणे.

सगळा गाव तिला अक्काच म्हणायचा. बाजारपेठेच्या मागच्या बोळात एका खोलीचं दुकान, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग आणि त्यावर टेप. मापं ती कानडीत मोजायची. त्यामुळं कमरेचा आकडा शेजारणीला कळत नाही, असा तिचा दावा होता. बहुतेक शेजारणींना कानडी यायचं, पण तिला तसं सांगायची कुणाची छाती नव्हती.

तिचा नवरा वाचनालयात शिपाई होता. वाचनालय बंद पडलं तेव्हा दोन पेट्या भरून पुस्तकं घरी आली, आणि नवरा गेल्यावर ती पुस्तकं शिलाई मशीनच्या मागच्या फळीवर चढली. प्रत्येक पुस्तकाला उरलेल्या ब्लाऊजपीसचं कव्हर. नाव कुठंच दिसायचं नाही. त्यामुळं गावातल्या बायका पुस्तकांना कापडावरूनच ओळखायच्या. "अंजिरी वाचलं का गं?" "न्हाय, माझं अजून राणी कलर चालू हाय." बाहेरच्या माणसाला वाटावं, साड्यांचंच बोलणं चाललंय.

नियम एकच. पुस्तक परत केल्याशिवाय ब्लाऊज मिळायचा नाही, आणि परत करताना दोन गोष्टी सांगायच्या: आत काय आहे, आणि पुढं ते कुणाला द्यावं. "वाचलं" एवढ्यावर अक्का सोडायची नाही. मशीन थांबवून, डोळे मिटून ऐकायची. "मग त्यो काय म्हनला? मग ती? आन् सासू?" अर्धा-अर्धा तास. बाहेर गिऱ्हाइकं ताटकळत. एकीनं मोबाईलवर वाचते म्हणून सांगितलं, तर म्हणाली, "बोटानं सरकवायचं, त्याला वाचनं म्हनत न्हाईत."

एकदा मात्र या कारभाराची फजिती झाली. पेठेतल्या मोठ्या लग्नात ओटीला सगळ्यांना एकच मोरपंखी ब्लाऊजपीस मिळाला. पंधरा दिवस अक्काकडं नुसते मोरपंखी ब्लाऊज, आणि मागोमाग चार पुस्तकांना मोरपंखी कव्हरं. वाटप झालं आणि सगळा घोळ झाला. नव्या नवरीच्या हाती लिंबाच्या बागेवरच्या रोगांचं पुस्तक पडलं, आणि रोज मठात जाणाऱ्या एका आजींच्या हाती एक चांगलीच रंगेल प्रेमकथा. अक्का माफी मागायला गेली, तर आजी दाराआड नेऊन हळूच म्हणाल्या, "ह्याचा दुसरा भाग हाय का गं?" नवरीच्या सासऱ्यांनीही लिंबाचं पुस्तक चार महिने परत केलं नाही.

आता माझी गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना मला अजूनही लाज वाटते.

अक्कानं मला एक जाड पुस्तक दिलं होतं, पोपटी कव्हरचं. मी चार पानं वाचली. त्यात एका गावजेवणाची मोठी गंमत होती. पाचव्या पानावर झोप लागली आणि पुस्तक उशाशी राहिलं. मग तुळजापुरात मामेबहिणीचं लग्न निघालं. सकाळची गाडी, आणि आदल्या संध्याकाळी ब्लाऊज अक्काच्या ताब्यात. मी पुस्तक घेऊन गेले.

"कसं हाय?"

"लई मजेशीर," मी तिच्याच भाषेत ठोकून दिलं आणि गावजेवण रंगवून सांगितलं.

"मग कुणाला द्यावं?"

डोळ्यांसमोर पहिलं नाव आलं ते शेजारच्या काकूंचं. त्यांचा मुलगा वडिलांशी भांडून पुण्याला गेला होता, वर्षभर फोन नव्हता. "काकूंना द्या," मी म्हटलं. "तेवढंच हसतील." अक्कानं मान डोलावली. मी ब्लाऊज घेऊन लग्नाला गेले.

आठ दिवसांनी अक्का माझ्या दारात उभी होती. ती कुणाच्या दारात जात नसे. हातात पोपटी पुस्तक.

"बाई, ह्याचा शेवट कसा हाय?"

"चांगला होतो की."

"कुणाचा?"

ते मला मागाहून वाचल्यावर कळलं. त्या पुस्तकात गावजेवण उरकल्यावर थोरला मुलगा घर सोडून जातो, आणि पुढची तीनशे पानं आई त्याची वाट बघते. काकू दोन दिवस जेवल्या नव्हत्या. अक्कानं पुस्तक माझ्या उंबऱ्यावर ठेवलं. "म्या तुमच्या भरवशावर दिलं वो," एवढंच म्हणाली आणि गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी दोनदा ब्लाऊज शिवायला टाकला. माप घेतलं, तारीख दिली, टेप सोडली. प्रश्न नाही. तिनं मला निव्वळ गिऱ्हाईक करून टाकलं होतं. बाकीच्या बायकांना विचारताना तिचा आवाज बोळापर्यंत यायचा आणि मी तिथंच रेंगाळायची. एका शिंपिणीनं पुस्तक विचारलं नाही म्हणून पस्तिशीची मास्तरीण रडते, हे हसण्यासारखं आहे. तुम्ही हसा. मी रडले.

मग मी पोपटी पुस्तक पहिल्यापासून वाचलं, सगळं. काकूंकडं जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पुस्तक वाईट न्हाय. पन आदी सांगायचं तरी, मनाची तयारी केली असती." तिथून थेट दुकानात गेले, तर दाराला कुलूप. अक्काला तिची लेक कायमची हैदराबादला घेऊन गेली होती. नंबर मिळवायला महिना गेला.

"अक्का, मी वाचलं ते," मी फोनवर म्हटलं.

"सांगा मग."

मी सांगत गेले. मुलगा, आई, दर पोळ्याला तिनं त्याच्यासाठी काढून ठेवलेलं ताट.

"अक्का, ऐकताय ना?"

"व्हय. शेवट सांगा."

"येत नाही तो. आई वाट बघतच मरते."

तिनं शेवट माझ्यामागून एकदा म्हणून पाहिला. मग म्हणाली, "काकूच्या हातात काय दिलं म्या, ते आता कळलं. मला अक्षर दिसत न्हाय बाई. चार वर्सं झाली. शिलाई हाताला पाठ हाय, म्हनून चाललं. पुस्तकं तुमीच वाचायच्या, म्या नुसती ऐकायची."

गावातल्या एवढ्या बायकांच्या डोळ्यांनी ती वाचत होती, आणि त्यातले माझे दोन खोटे निघाले होते.

"रागावलात ना माझ्यावर?"

"लई. पुढच्या ऐतवारी काय सांगनार?"

तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी फोन लावायची. आठवडाभर वाचलेलं तासभर सांगायची. ती अडवायची, पात्रांना शिव्या घालायची, एखाद्या सासूची बाजू घ्यायची. माझी पोरगी म्हणायची, एवढं तर आई बाबांशीसुद्धा बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका विहिरीच्या वाटणीवरची कादंबरी चालू होती. दोन भाऊ, एक विहीर, कोर्टात निकाल लागायचा होता. रविवारी फोन लावला तर लेकीनं उचलला. अक्का शुक्रवारी पहाटे झोपेतच गेली होती.

आम्ही दोघी जरा रडलो. मी फोन ठेवणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "बाई, एक विचारू? आई आठवडाभर त्या विहिरीचंच बोलत होती. धाकट्याला मिळणार म्हणायची. रोज माझ्याशी वाद घालायची. कुणाला मिळाली शेवटी?"

पुस्तक माझ्या मांडीवर होतं. साठेक पानं उरलेली. धाकट्याला मिळाली म्हणून सांगणं किती सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं, मलाही.

"मी अजून तिथवर वाचलेलं नाही," मी म्हटलं. "फोन ठेवू नका. वाचून सांगते."