समासातलं ‘इन्शाअल्लाह’

सोहेलचा फोन सकाळी आला. ‘मावशी, अम्मी गेली,’ एवढंच म्हणाला, आणि मी समोरच्या दाराकडे बघत राहिले. त्या दाराला बारा दिवस कुलूप होतं. शमीम दरवर्षी या सुमारास बहिणीकडे सोलापूरला जाते, तशीच गेली असेल, असं मी धरून चालले होते. मधे एकदा मेसेज केला, तर ‘बरी आहे’ असं उत्तरही आलं होतं. सोहेल मात्र डेक्कनजवळच्या हॉस्पिटलातून बोलत होता. पोटाचं ऑपरेशन झालं, मग जंतुसंसर्ग झाला... तो स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाहून येऊन पोचला तेव्हा ती शुद्धीवर होती. मग तो सहज म्हणाला, अगदी न रागावता, ‘तुम्ही एकदाही आला नाहीत. अम्मी सांगत होती, बाईंना सगळं लिहून दिलंय, त्यांनी वाचलंय.’

मी काय वाचलं होतं?

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत शमीम आणि मी बावीस वर्षं समोरासमोर राहिलो. ती पोस्टातून निवृत्त झाली, मी शाळेतून, म्हणून ती मला ‘बाई’च म्हणायची. सोहेल हिंजवडीतल्या कंपनीतून स्पेनला गेला आणि तिथलाच झाला. नातू आदम चार वर्षांचा. व्हिडिओ कॉलवर आजी आणि नातू एकमेकांना हात हलवायचे आणि मग दोघांचंही बोलणं संपायचं. मे महिन्यात आपण तिकडे जायचं आणि त्याच्याशी बोलायचं, असं शमीमने ठरवलं आणि स्पॅनिशच्या क्लासला नाव घातलं. एकटी जायला लाजत होती म्हणून माझंही घातलं. वर्गात सगळी परदेशी निघालेली पोरं, आणि मागच्या बाकावर आम्ही दोन म्हाताऱ्या.

दिवाळीच्या आधी ‘मी अमुक करणार आहे’ असं सांगायला शिकवलं. शिकवणाऱ्या मुलीने दर आठवड्याला दहा वाक्यं लिहायला सांगितली, खरी असोत की खोटी. शमीमचं पहिलं वाक्य होतं, ‘बोय आ कोम्प्रार उन काबायो’, म्हणजे मी घोडा विकत घेणार आहे. घोडा बांधणार कुठे, असं विचारलं तर म्हणाली, तुमच्या पार्किंगमध्ये, नाहीतरी रिकामंच असतं. तिची वही मी तपासायचे. कुणी सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षं वह्या तपासल्यावर हात शिवशिवतो, दुसरं काय.

तिची एक सवय मला खटकायची. काही वाक्यांसमोर समासात ती शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात ‘इन्शाअल्लाह’, म्हणजे अल्लाची इच्छा असेल तर, असं लिहायची. गृहपाठात फक्त स्पॅनिश हवं, म्हणून मी ते तांबड्या पेनाने खोडायचे. एकदा ती शांतपणे म्हणाली, ‘बाई, ते मी तुमच्यासाठी लिहीत नाही.’ तरी मी खोडत राहिले.

सोहेलने हॉस्पिटलच्या पिशवीतून तिची वही मला आणून दिली. नोव्हेंबरातलं पान काढलं. मंगळवारी मी हॉस्पिटलमध्ये जाणार आहे. डॉक्टर माझं पोट उघडणार आहेत. मी सोहेलला आधी सांगणार नाही. मी रडणार नाही. बाई माझ्यासोबत येणार आहेत. प्रत्येक वाक्यासमोर ‘इन्शाअल्लाह’, आणि प्रत्येक ‘इन्शाअल्लाह’वर माझी तांबडी रेघ. खाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं, ‘कल्पनाशक्ती छान. दहापैकी नऊ.’

मग मी पहिल्या पानापासून वही चाळली. घोड्यासमोर तो शब्द नव्हता. चंद्रावर जाणार, राजाशी लग्न करणार, यांच्यासमोरही नव्हता. मे महिन्यात आदमला भेटणार, यासमोर होता. जे खरोखर करायचं होतं, तेवढ्यासमोरच तिने तो लिहिला होता. मराठीत ती ‘मला काही झालंय’ असं मेली तरी म्हणाली नसती. परक्या भाषेत तिला ते सांगता आलं, आणि मी स्पेलिंगच तपासत बसले.

त्या मंगळवारी तिने माझी बेल वाजवली होती. हातात पिशवी. ‘बाई, येताय ना?’ मंगळवारी ती मंडईत जाते, मला वाटलं तेच. मी म्हटलं, ‘आज नाही गं, आज बँकेत हयातीचा दाखला द्यायचाय.’ तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ‘असू द्या,’ म्हणाली, आणि जिना उतरली. मी जिवंत असल्याची सही करायला गेले, आणि ती एकटी रिक्षात बसली. हे मी कुणाला सांगू? सोहेलला सांगितलं. तो हॉस्पिटलची बिलं तारखेवार लावत राहिला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

सहा आठवडे झाले. क्लास मी सोडला. वही देवघराशेजारच्या फळीवर असते आणि रोज दुपारी मी तिचं शेवटचं पान उघडते. ते तिने हॉस्पिटलात लिहिलंय, अक्षर पार वाकडं झालंय. तीनच वाक्यं आहेत. मी घरी जाणार आहे. समोर, इन्शाअल्लाह. मी आदमशी बोलणार आहे. समोर, इन्शाअल्लाह. मी बाईंवर रागावणार नाही.

त्याच्यासमोर काही नाही.

तेवढ्यात थकली असेल. पेन्सिल गळून पडली असेल. किंवा त्याला वर कुणाची परवानगी लागत नाही, असं तिला वाटलं असेल... किंवा ते घोड्यासारखंच, गृहपाठापुरतं वाक्य असेल. चष्मा पुसून मी पुन्हा समास बघते. पुसट रेघ तरी असेल म्हणून पान खिडकीपाशी नेऊन तिरपं धरते. समास कोरा आहे.