दुर्बीणबाईने उलटं बसवलेलं ड्रॉइंग

दुर्बीणबाईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. सासूच्या तोंडात दात नव्हते, तक्रारी मात्र भरपूर. तिचं दोन्ही वेळचं जेवण मऊ शिजवून, कुस्करून ठेवायचं आणि मग कारखाना गाठायचा. पगारातून सासूला कवळी करून द्यायची, एवढा एकच ध्यास. "प्रेमबीम काही नाही," ती सांगायची, "कुस्करून कुस्करून माझं मनगट गेलंय."

मोजणीच्या मशीनवर होती, म्हणून हे नाव. वरून कॅमेरा कारखान्यात बनलेल्या लोखंडी पट्टीचं मोठं चित्र पडद्यावर दाखवायचा. त्या चित्रावर कॉम्प्युटरमधलं ड्रॉइंग बसवायचं. आधी कडेवर कड, मग भोकावर भोक. बसलं की मशीन फरक सांगणार. याला बसून खायचं काम म्हणणाऱ्याने एक पाळी त्या पडद्याकडे बघून दाखवावं. ती अजून कायम झाली नव्हती. एक मोठी चूक, की घरी.

एकदा माझ्या ड्रिलवरच्या पट्ट्या नापास होऊन यायला लागल्या. पेटीमागून पेटी. भोक सरकलंय म्हणे. साहेबांनी माझं ड्रिल दुरुस्तीला उघडायचा हुकूम काढला. मी तडक तिच्या खोलीत.

"भोक नाही, तुझं डोकं सरकलंय."

"काका, मशीन खोटं बोलत नाही."

"मशीनवर बसणारी बोलते ना!"

तिने माझ्या हातातली पट्टी हिसकावून कॅमेऱ्याखाली ठेवली. चार कोपरे, चार भोकं, त्यातलं एकच, ड्रॉइंगमध्ये आहे तसं, केसभर आत. पट्टी अर्धी फिरवली तरी दिसायला तशीच. तिने पडद्याला नाक लावलं. मग तिने ड्रॉइंग अर्धा फेरा फिरवलं. सगळे आकडे हिरवे.

"अगं बाई! मी ड्रॉइंगच शीर्षासनात बसवलं होतं."

गप्प बसली असती तर शिव्या मी खाल्ल्या असत्या आणि कवळी सुखरूप राहिली असती. ती उठली आणि साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. मी मागोमाग. असा तमाशा कोण सोडतो?

"साहेब, पट्ट्या चांगल्या आहेत. ड्रॉइंग मी उलटं बसवलं."

साहेब भडकले. "मग तुला ठेवायचं कशाला?"

"काढा की. पण प्रत्येक पेटीवर 'स्वतः तपासलं' म्हणून तुमची सही आहे. तुम्ही काय तपासलं, ते वर सांगावं लागेल."

साहेबांनी आवाज खाली आणला. मग मला म्हणाले, "दार लाव आधी."

नोकरी राहिली. पाळी संपल्यावर थांबून तिने सगळ्या पेट्या पुन्हा मोजल्या, एकटीने. मी हात लावला नाही. चूक तिची, घाम तिचा. तरी प्रत्येक पट्टीच्या एका कोपऱ्यावर रंगाचा ठिपका द्यायचं लचांड माझ्या गळ्यात पडलंच. ठिपका दिसला की पट्टीचं डोकं कुठे ते कळतं.

पुढे ती कायम झाली आणि पगार साठवून तिने कवळी आणली. सासूने ती बसवली, कडक काहीतरी मागून घेतलं, सावकाश चावून गिळलं आणि स्वच्छ उच्चारात म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, दात नाहीत म्हणून चव लागत नाही. हिला स्वयंपाकच येत नाही."